समुद्रकाठची भाजी आणि हिंगोलीचे स्वयंपाकघर

ज्युबिली महोत्सवाच्या या स्मरणिकेत धर्मग्रामाच्या स्थापनेचा, देवालयाच्या बांधकामाचा व शाळेचा वृत्तान्त इतर लेखक यथायोग्य देतीलच. संपादक मंडळाने प्रस्तुत लेखिकेकडे मागणी केली ती निराळ्या विषयाची. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे परप्रांतांहून व परजिल्ह्यांतून येऊन हिंगोलीस स्थायिक झाली. त्यांनी येताना कोणते अन्न बरोबर आणिले व त्याचे पुढे काय झाले, याविषयी काही ऐतिहासिक माहिती लिहावी, असे त्यांनी सुचविले. माझे माहेर भाईंदरजवळील उत्तनकडचे. लग्नानंतर शिक्षिकेच्या नोकरीनिमित्त मी हिंगोलीस आले ती येथेच राहिले. सबब ज्या अन्नाची मला खात्रीने माहिती आहे त्याविषयीच लिहिते. ते म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या भाज्या, आणि त्यांतही विशेषेकरून मोरस.

मोरस हा शब्द ऐकून येथील वृद्ध मंडळींस साखरेची आठवण होईल. पांढऱ्या शुभ्र दाणेदार साखरेस आपल्याकडे पूर्वी मोरस साखर म्हणत, ती मॉरिशस बेटातून येई म्हणून. त्या मोरसचा आणि या मोरसचा काही एक संबंध नाही. किंबहुना एक जितकी गोड तितकी दुसरी खारट. भरतीचे पाणी जेथे अधूनमधून चढते अशा खाजणात, मिठागरांच्या बांधांवर व तिवरांच्या मागील उघड्या चिखलात हे गुडघाभर झुडूप वाढते. पाने बारीक, लांबट व गरदार. दाबली असता त्यांतून पाणी निघते. कोवळेपणी ती हिरवीगार असतात, जून होता होता तांबूस, जांभळट होतात. ज्या जमिनीत इतर झाडास मिठाने मरण येते, तेथे ही वनस्पती ते मीठ आपल्या पानांतील पाण्यात साठवून उभी राहते. ह्या एका गुणावरच तिचे सारे पाकशास्त्र अवलंबून आहे, हे पुढे दिसेल.

हिंगोलीपासून मुंबईचा किनारा रस्त्याने पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. आपल्या कयाधूचे पाणी तर त्या बाजूस जातच नाही. ते पैनगंगेत, तेथून वर्धा व प्राणहिता यांच्या वाटेने गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरास मिळते. तेव्हा समुद्राच्या भाजीशी हिंगोलीचा काय संबंध, असे वाचक विचारतील. मीही येथे आले तेव्हा तसेच समजत होते. परंतु आठवडी बाजारात भाजी घेता घेता हळूहळू ध्यानात आले की, समुद्रकाठच्या वनस्पती येथे पूर्वीच येऊन पोहोचल्या आहेत, फक्त त्यांचे मूळ गाव कोणी विचारीत नाही. बीट घ्या. त्याचा पूर्वज युरोपच्या सागरतीरावर आपोआप उगवणारे रानबीट होय. कोबीचे रानटी नातलग आजही तिकडील समुद्रकड्यांवर वाऱ्याशी झुंजत उभे असतात. नारळाविषयी तर बोलावयासच नको; येथील नागनाथाच्या देवळापासून आपल्या नाताळच्या करंज्यांपर्यंत तो सर्वत्र आहे, आणि तो येथील एकाही शेतकऱ्याच्या बांधावर पिकत नाही. रेल्वे येण्यापूर्वी कोकणचे मीठ व नारळ घाट चढवून देशावर आणण्याचे काम लमाण-बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे करीत. त्यांचे वंशज आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

याहून आश्चर्याची गोष्ट पापडखाराची. सज्जीखार नावाचा जो खार पूर्वी पापडांत पडे, तो सिंध-पंजाबकडील खाऱ्या जमिनीतील मांसल झुडपे जाळून केलेल्या राखेचा असे, आणि ती झुडपे मोरसच्याच कुळातील. युरोपातही अशाच सागरी झुडपांच्या राखेपासून काच व साबण करीत. ‘अल्कली’ हा रसायनशास्त्रातील शब्द त्या राखेच्या अरबी नावावरून आला. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ मोरसला ज्या कुळात घालतात त्यात पालक, चाकवत, बीट, माठ, तांदुळजा व राजगिरा हे सर्व येतात. म्हणजे हिंगोलीच्या भाजीवालीच्या पाटीत मोरसची निम्मी भावकी बसलेली असते.

आता थोडे इतिहासाकडे वळू. आपल्या किनाऱ्यावरील वनस्पतींविषयी युरोपीय भाषेत छापलेला पहिला मोठा ग्रंथ म्हणजे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचे संवाद. ते १५६३ साली गोव्यात छापले गेले. मुंबई बेट त्याच्याकडे पोर्तुगीज सरकारकडून पट्ट्याने होते. त्याच्या एका संवादात बोरे आणि कोकमे यांचा विषय एकत्र आला आहे. हिंगोलीच्या माळावरचे बोर आणि कोकणचे रातांबे एका पंक्तीस बसविणारा तो पहिलाच लेखक असावा! कोकमाची साल वाळवून ठेवतात, तिचे आंबट पाणी व्हिनेगरासारखे उपयोगी पडते आणि काहींनी ती पोर्तुगालातही नेली, असे तो लिहितो. आपण आमसूल म्हणतो तीच ही साल. परंतु खाजणातील भाजीपाल्याकडे अशा विद्वानांचे लक्ष सहसा गेले नाही. औषध, मसाला, व्यापार यांत ज्यास किंमत त्याचीच नोंद व्हावयाची. बांधावर वाकून गरीब बाई जे खुडते त्याची नोंद कोण करणार?

ही नोंद करण्याचे श्रेय पुष्कळ अंशी एका गोमंतकीय डॉक्टराकडे जाते. डॉ. जोसे कामिलो लिस्बोआ हे मुंबईत वैद्यकी करीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींविषयीचा २५ वा भाग १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील उपयुक्त वनस्पतींचे प्रकरण त्यांचे. दुष्काळात लोकांनी कोणकोणती पाने, कंद व बिया खाऊन दिवस काढले, त्यांची यादीही त्यात आहे. १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ तेव्हा ताजा होता. अशी यादी छापली गेली हे फार चांगले झाले. तथापि तिचा एक दुष्परिणामही झाला असे मला वाटते. ‘दुष्काळातले अन्न’ हा शिक्का एकदा बसला की ती वस्तू सुकाळात खाणे कमीपणाचे ठरते. आमच्या आईकडील मंडळींत हेच घडले. मोरस घरी शिजे, परंतु पाहुणा आला की झाकून ठेवीत.

लिस्बोआंच्या नंतरची दोन नावे कॅथलिक वाचकांस विशेष अभिमानाची वाटतील. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील स्विस येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) यांनी १९०५ साली मुंबई इलाख्यातील खारफुटीवर निबंध लिहिला. त्यांच्या नावाने चालणारा वनस्पतिसंग्रह त्या कॉलेजात आजही आहे. त्यांच्या मागून त्याच कॉलेजात आलेले स्पॅनिश येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०) हे स्वातंत्र्यानंतर भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. चिखलातून पाय ओढीत तिवरांच्या मुळ्यांमध्ये हिंडणे हे धर्मगुरूस शोभते की नाही, अशी शंका त्या काळी कोणाच्या मनात आली असेल तर नवल नाही! परंतु या सर्व विद्वानांच्या परिश्रमानंतरही वनस्पतीचे लॅटिन नाव, फुलाचे वर्णन व ठिकाण एवढेच ग्रंथात सापडते. ती कोणत्या महिन्यात खुडावी, किती वेळा पाणी काढावे, कशाबरोबर शिजवावी, हे ग्रंथात नाही. ते बायकांच्या हातात आहे, आणि हात गेले की जाते.

म्हणून माझ्या आईची कृती येथे सविस्तर देते; वाचकांनी क्षमा करावी.

मोरस कोवळी असतानाच घ्यावी. शेंड्याचे टोक चिमटीत धरून मोडून पाहावे. कटकन तुटले तर घ्यावे, तंतू ओढला गेला तर सोडून द्यावे. काड्यांवरून पाने ओरबाडून काढावी व चार पाण्यांत धुवावी, कारण पानांच्या सांध्यांत चिखल बसलेला असतो. मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळवून त्यात पाला टाकावा आणि रंग बदलला की ते पाणी सगळे फेकून द्यावे. एक पान चाखून पाहावे. अजून फार खारट लागल्यास दुसऱ्यांदा पाणी घालून उकळावे. या उकळण्याने मीठ तर जातेच, शिवाय पालकाप्रमाणे याही कुळात जे ऑक्झलिक अम्ल असते त्याचाही काही भाग निघून जातो. नंतर पाला पिळून बारीक चिरावा. तेलात ठेचलेला लसूण व कांदा परतून त्यात भिजवून वाफविलेले वाल किंवा चण्याची डाळ घालावी, वर चमचाभर बाटली मसाला, मग पाला, आणि शेवटी ओले खोबरे. सुका जवळा असल्यास तो भाजून, निवडून आधी घालावा. मीठ घालू नये. हे वाक्य आई तीनदा सांगे. तांदळाच्या भाकरीबरोबर ही भाजी वाढीत, आणि ताटात डाव्या बाजूस, लोणच्याच्या जागेच्या जरा खाली, थोडीच. पुन्हा हवी असल्यास मागून घ्यावी.

बाटली मसाल्याविषयी येथील भगिनी नेहमी विचारतात. उन्हाळ्यात, पावसाळ्यापूर्वी, अनेक जिन्नस भाजून, कुटून तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरीत, म्हणून ते नाव. मुंबई व आसपासच्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, आपली संस्था काढताना घेतले; मसाला अर्थात त्याहून जुना असणार.

मीठ न घालण्याच्या या गुणाविषयी माझा एक तर्क आहे. इंग्रजी अमलात मिठावर कर होता. १९३० साली महात्माजींचा सत्याग्रह त्यावरच झाला, आणि तो कर १९४७ साली उठला. मिठागराच्या बांधावर राहूनही मीठ विकत घ्यावे लागे अशा घरात, जी भाजी आपले मीठ आपणच घेऊन येते तिची किंमत निराळी असली पाहिजे. आजी उकळलेल्या पाण्यातील थोडे वगळून ठेवी व त्यात भाकरीचे पीठ मळी, असे आई सांगे. आज मात्र मी तसे करावयास कोणास सांगणार नाही, याचे कारण पुढे देते.

उपवासकालात या भाजीला विशेष मान असे. पूर्वी वर्षातील प्रत्येक शुक्रवार मांसवर्ज्य असे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी हा नियम शिथिल करून पुष्कळसे स्वातंत्र्य निरनिराळ्या देशांच्या बिशपांस दिले. मासळीस बंदी नव्हती, म्हणून किनाऱ्यावरच्या कॅथलिकास शुक्रवार कधी जड गेला नाही. खरा शुक्रवार मला हिंगोलीस कळला! समुद्राची ताजी मासळी नाही, मोरस नाही. बाजारात मेथी, अंबाडी, घोळ. तेव्हा घोळीने माझी अब्रू राखली. तिची पानेही जाड, रसरशीत, किंचित आंबट. तिची धाकटी बहीण चिवळ येथील रानात पसरलेली असते. मोरसच्या पद्धतीने वाल व आमसूल घालून घोळ शिजवावी, मीठ मात्र विसरू नये, म्हणजे डोळे मिटून खाणारास क्षणभर उत्तनची आठवण होते. किनाऱ्यावर जिला समुद्रघोळ म्हणता येईल अशी एक वेल वाळूवर पसरते, तीही खातात. तिचे व आपल्या घोळीचे कूळ एक नव्हे, तोंडवळा मात्र सारखा.

जगात इतरत्रही हीच कथा आहे. इंग्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावर सॅम्फायर नावाची खारट वनस्पती उगवते. तिचे लोणचे घालीत. त्या नावाचे मूळ फ्रेंच भाषेतील ‘संत पेत्राची वनस्पती’ असे आहे. ती खडकावर वाढते, आणि पेत्र म्हणजे खडक. कॅप्टन कुक याने १७६९ साली न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरील रानभाज्या गोळा करवून खलाशांस खाऊ घातल्या, त्या रक्तपिती रोगापासून बचाव व्हावा म्हणून. सिंहलद्वीपात चिपीच्या जातीच्या एका खारफुटी झाडाच्या आंबट फळाचे सरबत लोक आवडीने पितात. आपल्या महाराष्ट्राने २०२० साली पांढरी चिपी हा राज्याचा खारफुटी वृक्ष ठरविला. मान दिला हे उत्तम. तिच्या भावंडाचे फळ कोठे कसे खातात हेही मुलांस सांगावे.

मुलांस सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट चायना ग्रासची. नाताळास व पहिल्या कम्युनियनच्या जेवणास आपण दुधात चायना ग्रास विरघळवून जो थिजलेला गोड पदार्थ करतो, ते गवत नव्हे आणि केवळ चीनचे तर मुळीच नव्हे. ते तांबड्या समुद्रशेवाळापासून काढलेले आगर होय. ते उकळत्या पाण्यात विरघळते, कोमट होताच थिजते, आणि एकदा थिजले की सुमारे ८५ अंश उष्णतेखेरीज पुन्हा वितळत नाही. हाडांपासून केलेल्या जिलेटिनची जेली हिंगोलीच्या मे महिन्यात पाणी पाणी होते; आगराची जशीच्या तशी उभी राहते. हाच अनुभव जर्मनीत फॅनी हेसे नावाच्या गृहिणीच्या उपयोगी पडला. तिचा पती रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करी, आणि जंतू वाढविण्यासाठी घेतलेले जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जाई. १८८१ साली तिने आपल्या स्वयंपाकघरातील आगर वापरण्यास सुचविले; ते तिला जावा बेटात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ठाऊक झाले होते. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू आगरावर वाढवितात. शोधनिबंधांत तिचे नाव तेव्हा आले नाही. वर बायकांच्या हातांविषयी जे म्हटले ते केवळ आमच्या खाडीपुरते नव्हे, इतकेच यावरून सांगावयाचे.

आता सावधगिरीचे दोन शब्द. खाडीकाठी जे जे हिरवे ते ते खाण्याजोगे नव्हे. गेवा किंवा हुरा नावाचे झाड तेथेच उगवते. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीस धोका होतो. वाळूवरची मर्यादवेल दिसावयास सुंदर, परंतु ती भाजी नव्हे. रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांनी खारट भाज्या वैद्यास विचारूनच खाव्या. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जागा. शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचे पाणी ज्या खाडीत मिळते तेथील चिखलातील जड धातू वनस्पतीत उतरू शकतात; ते उकळून जातीलच असे नाही. म्हणूनच आजीच्या पाण्यात पीठ मळू नये असे मी म्हटले. खारफुटी तोडण्यास तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर मनाई केली आहे. मोरस हे झाड नव्हे, ती खुडल्याने खाजण मरत नाही. खाजण मरते ते भरावाने.

आमच्या बाबतीत तेच झाले. आईच्या अखेरच्या आजारात तिला मोरस खावीशी वाटली. मी गेले. लहानपणी ज्या बांधावर तिच्या मागून टोपली घेऊन चालत असे, तेथे मातीचा भराव पडून वर घरे उभी होती. पलीकडे थोडे खाजण उरले होते; त्यात एकसारखी दिसणारी तीन झुडपे. मोरस यांतली कोणती, हे मला निश्चित सांगता येईना. पस्तीस वर्षे मुलांस वनस्पतिशास्त्राचे धडे शिकविलेली मी तिन्हींच्या फांद्या घेऊन घरी आले. आईने अंथरुणातूनच त्या पाहिल्या, एक उचलली, टोक मोडले, चाखले आणि म्हणाली, “ही. बाकीच्या टाक.” त्या दिवशी भाजी मी केली; तिने दोन घास घेतले. ती उचललेली फांदी दुमडून मी प्रार्थनापुस्तकात ठेवली होती. ती अजून आहे, काळी पडून चुरा होत चालली आहे.

गतवर्षी भाचीच्या लग्नास गेले असता भाईंदरच्या बाजारात एका आगरी बाईच्या पाटीत मोरसच्या जुड्या दिसल्या. मी आधी टोक मोडून पाहिले. “मावशी, तुम्हाला कलतंय बगा,” ती म्हणाली आणि एक जुडी वर घातली. ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रीच्या गाडीने परभणीपर्यंत व पुढे एस.टी.ने ती हिंगोलीस आणली. सून जवळ उभी राहून सर्व पाहत होती. तिने वहीत लिहून घेतले. भाजी झाली तेव्हा ज्वारीच्या भाकरीबरोबर शेजारच्या काकूंस वाटीभर पाठविली. संध्याकाळी त्या वाटी परत द्यावयास आल्या.

“बाई, चाकवतावानी लागतीया. पण मीठ जरा जास्तच पडलं बगा तुमच्याच्यानं.”